नका हसवू ना

आमच्या बालाघाटात हिवाळा थंडीनं येत नाही, शिंकेनं येतो. दिवाळी आटोपली की लालबर्रा रोडवरच्या राईस मिला धडधडायला लागतात, नवा धान उतरतो आणि भुशाची बारीक धूळ गावभर तरंगू लागते. सकाळच्या उन्हात ती सोन्याच्या वर्खासारखी दिसते. नाकात गेली की सोनंबिनं काही राहत नाही. आधी मिलवाले हमाल शिंकतात, मग ट्रकवाले, मग बाजार, आणि आठवड्याभरात आमच्या सिंचाई दफ्तरातले बडे बाबूसुद्धा फायलीत तोंड घालून शिंकायला लागतात. वैनगंगेवर धुकं आलं की नाही हे बघायला पुलावर जायची गरज नसते. नाक सांगतं, हंगाम आला.

यंदाची माझी पहिली शिंक दाढी करताना आली. गालावर अशी चीर पडली की दफ्तरात सगळ्यांनी आपुलकीनं विचारलं, घरी काही झालं का? माझ्या शिंकेचं असंच आहे, ती खाजगी राहत नाही. नलूची, म्हणजे माझ्या बायकोची, पहिली शिंक काल आली. ती पोळ्या लाटत होती. शिंकेच्या आधीच्या त्या अर्ध्या क्षणात तिनं लाटणं सोडलं, ओट्याची कड घट्ट धरली, एका पायावर दुसरा पाय आवळून घेतला आणि मग शिंकली. मग तव्यावरची पोळी उलटवली.

"मम्मी, आप छींकने से पहले अटेंशन में क्यों खड़ी हो जाती हो?" सईनं विचारलं. सई आमची पोरगी. आता माझ्या खांद्याला लागते, आणि मराठी फक्त भांडताना बोलते.

"सवय हाये," नलू म्हणाली.

सवयच आहे. कारण सरून कित्येक हिवाळे झाले. पण नलूच्या पायांना ते कोणी सांगितलेलं नाही.

सई पोटात होती तोवर नलूचं हसणं ही आमच्या गल्लीची मालमत्ता होती. ते एकदम येत नसे. आधी खांदे हलायचे, आवाज नाही. मग हापशाला पाणी लागण्याआधी जसा कोरडा चिरका आवाज येतो तसा एक आवाज. आणि मग धो धो. उभी असेल तर खाली बसायची, बसलेली असेल तर आडवी व्हायची. बस स्टँडावर एकदा ती अशी हसली, की बैहरच्या गाडीतली माणसं खिडकीतून डोकी काढून बघत राहिली आणि कंडक्टर शिटी मारायची विसरला. मी काही देखणा नाही, पगारही बेताचा. पण मला हे हसणं काढता यायचं, आणि एवढ्या एका कलेच्या जोरावर मी स्वतःला गावातला श्रीमंत माणूस समजत होतो.

त्या कलेतला माझा हुकमी एक्का म्हणजे तिरोडीची गोष्ट. तिरोडी नलूचं माहेर. मी तिला बघायला एकटाच गेलतो, आणि खाणीच्या क्वार्टरांमध्ये बरोबर आडनावाच्या चुकीच्या घरात शिरलो. दारात एक बाई होत्या. मी लाजून म्हटलं, "बघायला आलो." त्या घरात एक म्हातारबाबा खूप आजारी होते आणि त्यांना बघायला माणसं येतच होती. मला सरळ आत नेऊन खाटेशी बसवलं. मी समजलो, हे मुलीचे आजोबा, आधी यांची परीक्षा. मी त्यांचे पाय चेपले. पगार सांगितला. दारू पीत नाही हे दोनदा सांगितलं. बाबांनी माझा हात धरला, त्यांचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, नातीवर काय जीव आहे! मीही म्हणालो, "बाबा, काळजी करू नका, आता मी आहे ना." शेवटी आतून कोणीतरी विचारलं, "पण तुमी कोनाचे?" तेव्हा उलगडा झाला. पोहे खाऊन झाले होते.

ही गोष्ट मी गणपतीत माइकवर सांगितली आहे, हळदीकुंकवाला बायकांच्या आग्रहानं सांगितली आहे, एकदा तर तेरवीतही सांगून बसलो होतो. नलूनं ती किती वेळा ऐकली असेल! तरी "दारू पीत नाही" आलं की खांदे हलायला लागायचे.

नलू दवाखान्यात नर्स. बाळंतिणींच्या वार्डात. मी डबा द्यायला जायचो तेव्हा ती काय करते हे दारातून बघायचो आणि घरी येऊन त्याची नक्कल करायचो. तिथं तिनं एक कायदा केला होता. भेटायला आलेल्यांनी आधी आईकडे बघायचं, मग बाळाकडे. सासू, नणंद, कोणी असो, पाळण्याकडे धावली की नलू आडवी यायची. "पहिले माँ को देखो. उससे पूछो कैसी है. बच्चा भाग के नहीं जाता." बायकांची वेणी ती स्वतः घालायची. घरी जायच्या दिवशी कोणती साडी नेसणार हे आदल्या दिवशी विचारायची, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायची. उकव्याकडली एखादी पोरसवदा बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. नलू तिच्या पायथ्याशी बसायची. मी म्हणायचो, "तुमच्या दवाखान्यात औषध कमी आन् गप्पा जास्त." ती म्हणायची, "तुमाले नाही कळणार." हे मात्र ती बरोबर बोलली होती.

सई झाली तीसुद्धा अशीच भुशाच्या दिवसांत. चांगली दणकट पोरगी, डॉक्टरीणबाईंना चिमटा लावावा लागला, टाके पडले. मी वार्डात शिरलो आणि पाळण्याकडे धावलो. कायदा मोडणारा पहिला मीच.

नलूच्या आईचे गुडघे गेलेले, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी. मला वाढवलेली माझी आत्या पदर खोचून उभी राहिली. ते दिवस आठवले की मला आधी वासच येतो. शेगडीवर टाकलेल्या ओव्याचा, सुंठीचा, तुपात तळलेल्या डिंकाचा, मोहरीच्या तेलाचा, खिडकीतून येणाऱ्या नव्या धानाचा. आणि या सगळ्या वासांच्या खाली, आता कळतं, नलू एक वास लपवत होती.

दुपारी आत्या लवंडली की ती हळूच उठायची आणि मोरीत काहीतरी धूत बसायची. परकर दांडीवर वाळायचे, पण उघडे नाही, वर टॉवेल नाहीतर दुपटं टाकलेलं. मी म्हटलं, "काय वं, वैनगंगा आटवतं काय?" बाळाखालचं रबरी कापड एकदा तिच्या अंथरुणात सापडलं. मी ते बाळाच्या टोपड्यासारखं डोक्याला गुंडाळून तिला दाखवलं. ती हसली नाही, म्हणून मी आणखी मोठ्यानं केलं. माझ्यासारख्या माणसाची हीच गोम असते. समोरचा हसला नाही की तो समजतो, विनोद लहान पडला.

ती मला खोलीत थांबू देईना. मी बोलायला लागलो की उशी तोंडात धरायची. "नका हसवू ना," म्हणायची. "हात जोडते, नका हसवू ना."

आता मला सांगा, लोकांना हसवणाऱ्या माणसासाठी याहून मोठी दाद कोणती? मी खूश होऊन बाहेर जायचो आणि नवीन तयारी करून परत यायचो.

बारसं टाके वाळेपर्यंत लांबवलं होतं. अंगणात सतरंजी, तिच्यावर शेजाऱ्यांकडची पांढरी चादर, मध्ये पाळणा. नलूनं फिकट गुलाबी साडी नेसली होती. किती दिवसांनी केस सोडून पुन्हा बांधले होते. ती आली तेव्हा बायका म्हणाल्या, "पोट्टी कोणावर गेली वं?" आणि सगळ्या सईकडे वळल्या. नलू पदर पोटावर ओढून बसली. मला बहीण नाही, म्हणून कानात नाव फुंकायचा मान आत्यानंच घेतला. घुगऱ्यांचं पातेलं निघायचं होतं, मध्ये थोडा वेळ रिकामा होता, आणि अशा रिकाम्या वेळी बायका माझ्याकडे बघतात.

"भाऊ, तिरोडीची होऊन जाऊ द्या!"

नलूनं माझ्याकडे बघितलं. मान अगदी बारीक हलवली. मी तो इशारा सुरू करण्याचा समजलो.

मी सांगितली, आणि त्या दिवशी अशी सांगितली की पुन्हा कधी जमली नाही. म्हातारबाबांचा खोकला, माझं पाय चेपणं, "दारू पीत नाही." बायका लोळायला लागल्या. आणि नलूचे खांदे हलले. कितीतरी दिवसांनी! मी म्हटलं, आता थांबायचं नाही. तिनं सईला छातीशी दाबलं, ओठ दाताखाली धरले, डोळे मिटले. तो कोरडा आवाज आला. आणि मग ती हसली. पूर्ण. अख्खं अंगण तिच्याकडे बघून हसायला लागलं.

मग तिचा चेहरा लाईट गेल्यासारखा झाला.

फिकट गुलाबी रंगावर ओल लपत नाही. पांढऱ्या चादरीवर तर नाहीच. समोरच्या दोघींनी बघितलं. मी बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझं डोकं भराभर चाललं. माझं डोकं भराभर चाललं की लोकांनी खरं म्हणजे घरं सोडून पळायला पाहिजे.

"अगं, पोट्टीनं केलं वाटते!" मी ओरडलो. "वा सईबाई! नाव ठेवलं नाही तं सलामी!"

सगळ्या खळखळून हसल्या. मी नलूच्या मांडीवरून सईला उचललं आणि शील्ड जिंकल्यासारखी डोक्यावर धरली. सुटलो, मला वाटलं. वाचवलं मी तिला. आत्या शेजारी होती. पोरांचं ओलं बघायची तिची जन्माची सवय, हात आपोआप सईच्या लंगोटाखाली गेला.

"अवं, हे तं कोरडी ठण्ण हाये," आत्या म्हणाली.

त्यात काहीच नव्हतं. ती फक्त खरं बोलली. पण मग जी शांतता झाली ती मला अजून त्या अंगणात दिसते, जिथं आता मोटरसायकल उभी असते. कोणाची तरी बांगडी वाजली. कोणीतरी घाईनं घुगऱ्या वाटायला उठलं. एक बाई जरा जास्तच मोठ्यानं म्हणाली, "यंदा धान बरा हाये म्हणते." हौ, हौ, बरा हाये, सगळ्या म्हणाल्या.

नलू उठली नाही. उठली असती तर दिसलं असतं. पदर मांडीवर पसरून ती तशीच बसून राहिली. एकेक बाई वाकून तिला कुंकू लावत होती आणि ती प्रत्येकीला म्हणत होती, "हौ, या पुन्हा. या ना." अगदी शेवटची बाई फाटकाबाहेर पडेपर्यंत. पाठ ताठ, कपाळावर कुंकवाचा थर. मी सईला घेऊन भिंतीशी उभा. शील्ड खाली कशी ठेवायची हे मला कळत नव्हतं.

नंतर मी खोलीत गेलो. म्हटलं, "अवं, कोणाच्या ध्यानात बी नाही आलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर मी त्याच्यावर काहीतरी बोललो असतो.

"तुमी आता थोडा वेळ मले दिसू नका," ती म्हणाली.

ती मग पोरीला पाजायला उठायची तेवढंच. आत्या म्हणाली, नजर लागली. मीठ-मोहरी उतरली. नलूला तिच्या वार्डातल्या मोठ्या सिस्टरनी निरोप पाठवला, तिनं उत्तर दिलं नाही. मग त्या स्वतःच आल्या. उईके सिस्टर, बैहरकडच्या, नलूला लेकीसारखं वागवणाऱ्या. त्यांनी मला बाहेर बसवलं, पुढ्यात तांदळाचं ताट दिलं आणि खडे निवडायला लावले. खिडकी उघडी होती. मी निवडलेले खडे पुन्हा तांदळात टाकत ऐकत होतो.

बराच वेळ नुसता केसांना तेल लावल्याचा आवाज. मग उईके सिस्टर म्हणाल्या, "छींक से होता है, कि हँसी से भी?"

"दोन्हीनं."

"किसको मालूम है?"

"साऱ्या मोहल्ल्याले."

पुन्हा तेल. "तूने कितनी औरतों को समझाया होगा, नलिनी. कि ये होता है, ठीक भी होता है."

"रोज सांगे मी," नलू म्हणाली. "मले वाटे, ते त्यांचं असते."

मग ती रडली. इतके दिवस रडली नव्हती. रडता रडता म्हणाली, "मले माझा वास येते, सिस्टर. कितीबी धुतलं तरी येते. पोरीले जवळ घेतलं का वाटते, इले बी येत असन. मी कोण होती अन् काय होऊन बसली."

मी खिडकीतून बघायला नको होतं, पण बघितलं. उईके सिस्टर वाकल्या. नलूच्या मानेत, केसात नाक खुपसलं आणि मोठा श्वास घेतला. मग खांद्यापाशी. मग मांडीवरच्या साडीपाशी. घाई नाही. धान घेणारा व्यापारी मूठ नाकाशी नेतो तसं, अगदी मन लावून.

"तेल है," त्या म्हणाल्या. "दूध है. सोंठ है थोड़ी. और तो कुछ नहीं है, बेटा."

नलूनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग त्या तिला शिकवायला लागल्या, जे नलूनं स्वतः कित्येकींना शिकवलं होतं. साँस लो. नीचे से अंदर खींचो. ऊपर. पकड़ो. अब छोड़ो. "और कल से वार्ड में आ. काम करने नहीं. बैठने."

निघताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "भैया, आप कुछ दिन मदद मत करो," त्या म्हणाल्या. "चुप रहो."

मी आज्ञाधारक माणूस. इतका चूप राहिलो, की दूधवाल्याला खुणेनं उत्तर देताना बघून आत्याला वाटलं माझं तोंड वाकडं झालं. तिनं माझीही नजर उतरवली. ही गोष्ट खरी मजेदार आहे. ती मी नलूला सांगायला गेलो, आणि दारातच थांबलो.

नलू बरी झाली. महिने गेले, पण झाली. पहिल्यासारखी भराभर चालायला लागली. दांडीवरचे परकर उघडे वाळायला लागले. वार्डात रुजू झाली. पुढच्या हंगामात भुसा उडाला, ती शिंकली, काही झालं नाही. मी वाट बघत राहिलो. म्हटलं, आता हसू येईल, कोठं जाते!

ते आलं नाही. म्हणजे ती हसते. ओठ मिटून, नाकातून, वाकडंतिकडं न होता. पाहुणे म्हणतात, किती शांत आहे हो वहिनी. मी काही गमतीचं बोलायला लागलो की तिचा हात आपोआप कंबरेपाशी जातो आणि पाय जवळ येतात. मनानं नव्हे, मनानं तिनं मला कधीच माफ केलंय. त्या अंगणाबद्दल एक अक्षर कधी बोलली नाही. पण तिच्या अंगाला माझा आवाज ओळखू येतो. कुत्रा चावलेल्या माणसाला साखळीचा आवाज ओळखू यावा, तसा.

गणपतीत मी आता माइक धरत नाही. लोक म्हणतात, "भाऊ, तिरोडीची!" मी म्हणतो, गळा बसला. सईनं ती गोष्ट कधी ऐकलेली नाही.

आज दुपारी डबा घेऊन गेलो. नलू विसरून गेली होती. वार्डाचं दार अर्धं उघडं. आत कोणीतरी रडत होतं, कोवळा आवाज, "...सास के सामने हो गया, सिस्टर. अब मैं किसी को मुँह कैसे दिखाऊँ?"

"बस इतना?" नलूचा आवाज. "मेरा सुन."

आणि तिनं सांगितलं. बारसं, गुलाबी साडी, पांढरी चादर. मी दाराबाहेर डबा धरून उभा. ती काय सांगत होती! कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा. माझी नक्कल तर अशी, की मलाच माझी लाज वाटली. "और मेरा आदमी, इतना होशियार, बच्ची को ऊपर उठा के, सलामी! सलामी! और बुआ ने हाथ लगाया..."

रडणारी बाई हसली. पलीकडच्या खाटेवरची हसली. कोणीतरी कण्हत म्हणालं, "हँसाओ मत सिस्टर, टाँके दुखते हैं."

आणि मग नलू. आधी काहीच नाही. मग तो चिरका आवाज. मग सगळी, मोकळी, थांबता थांबेना, खाटेची पत्र्याची कड वाजवत. तेच. पुरतं तेच. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी घर धुंडाळत होतो ते इथं होतं, फिनेलच्या वासात, परक्या बायकांमध्ये, आणि ठणठणीत होतं.

"अब भी ऐसे ही हँसाते हैं भैया?" त्या कोवळ्या बाईनं विचारलं.

नलूचं हसू उतरत उतरत आलं. "आदमी बहुत अच्छा है," ती म्हणाली. "बस, उसके सामने नहीं आती."

आयाबाई फडका घेऊन आल्या. "बाहर क्यों खड़े हो, साहब? जाओ ना अंदर." मी मानेनंच नाही म्हटलं आणि भिंतीकडे सरकलो. आत पुन्हा कोणीतरी काहीतरी बोललं, पुन्हा सगळ्या हसल्या, आणि त्यात नलूचं मी वेगळं ओळखू शकत होतो. जितका वेळ चाललं तितका वेळ ऐकलं.

मग चपला वाजल्या. ती डोळे पुसत बाहेर आली, चेहरा लाल, केसांची बट सुटलेली, कित्येक वर्षांत दिसली नव्हती इतकी सुंदर. मला बघितलं. पाय जवळ आले. पदर सारखा झाला.

"कवा आले?" तिनं विचारलं.

मी डबा पुढे केला.

"आताच," मी म्हणालो.